समासातली नोंद

प्रश्नावली मराठीत आणायला आम्ही तिघी बसलो होतो
डेक्कनच्या ऑफिसात, पंखा पाचवर.
इंग्रजीत एकच शब्द होता,
आमच्याकडे त्याचे सतरा निघाले:
किरकिरा, चिडका, रडवेला, हिरमुसलेला,
खट्टू, घुमा, एककल्ली,
मुसमुसतो, धुसफुसतो, तणतणतो…
मृण्मयीने फळा पुसला. म्हणाली,
ताणू नका, ‘चिडचिडा’ लिहा,
सोमवारपासून वस्तीत जायचंय.

म्हणून मी जनता वसाहतीच्या पायऱ्या चढते.
हातात पॅड, पॅडला कागद, कागदावर तीस प्रश्न,
कधीच नाही, कधी कधी, नेहमी.
खाली कॅनॉल. वर पर्वतीची ती बाजू
जिचा फोटो कोणी काढत नाही.

बालवाडीच्या दारात तोंडाचा स्कार्फ सोडते.
नुसते डोळे असतात तोवर
मुलं माझ्याकडे मीटर वाचणाऱ्याकडे बघावं तशी बघतात.
मग नाक, मग तोंड,
आणि एखादी खुदकन हसते,
जणू मी आत्ता कुठे आले.

सुकेशनी रात्रपाळी करून आलेली.
हाताला अजून हॉस्पिटलच्या फिनेलचा वास,
मांडीवर रुमाल,
प्रत्येक उत्तराआधी त्याची आणखी एक घडी.
मूल चिडचिडं आहे का? नाही हो.
नवीन माणसाला घाबरतं? नाही.
झोपेत दचकतं? कधी कधी. लिहा, कधी कधी.
उदास दिसतं?
तिला हसू आलं. उदास कशाला होईल मॅडम,
चार वर्षांचा तर आहे.

सुजात तिकडे दारापाशी
सगळ्यांच्या चपला जोडीने लावत होता.
लोखंडेताई म्हणाल्या, याचा काही म्हणजे काही त्रास नाही,
असली दहा द्या, सांभाळते.

बेरीज केली. चार.
धोक्याची रेष बाराला.

पेनाला टोपण लावल्यावर
पाण्याचा तांब्या पुढे करत तिने आपणहून सांगितलं,
गुणी झालाय आता. आधी फार रुसायचा.
गुरुवारी याचे पप्पा चाकणवरून यायचे, तेव्हा तर हमखास.
कॉटखाली जाऊन बसायचा, पाय तेवढे बाहेर.
ते म्हणायचे, अरे, हे कोणाचे पाय पडलेत इथं,
भंगारवाल्याला देऊन टाकू का?
मग आतून खिदळणं.
आता नाही रुसत.
दिवाळीपासून एकदाही नाही.

मी कागद उलटसुलट केला.
रुसणं नव्हतंच आमच्या यादीत.
त्या दिवशी फळ्यावरही आलं नव्हतं,
तिघींपैकी कोणालाच ते विचारण्याजोगं वाटलं नव्हतं,
आणि तिघीही घरी रुसतो.
एकटं असताना रडता येतं. आदळआपट करता येते.
रुसायला मात्र पलीकडे कोणीतरी लागतं,
ज्याला बाहेर राहिलेले पाय दिसतील
अशी खात्री लागते.

मृण्मयीला विचारलं, एक प्रश्न वाढवू या?
ती म्हणाली, प्रमाणित आहे गं ते, मध्येच घुसडता येत नाही.
आणि परत इंग्रजीत काय लिहायचं?
तिनेच एक शब्द लिहिला फळ्यावर,
जरा वेळ पाहिला, पुसला.
हा नाही, म्हणाली. यात मुलाची तक्रार आहे.
डस्टर हातातच राहिलं तिच्या.

काल डाटा भरणाऱ्या ओवेसचा फोन:
मॅडम, एकशे त्रेचाळीसच्या समासात पेन्सिलीने काहीतरी आहे.
‘रुसत नाही, दिवाळीपासून.’
हे कुठल्या रकान्यात टाकू?
की लागू नाही म्हणून नऊ भरू?

थांब जरा, म्हटलं मी.
त्याच्या मागे कोणाचा तरी प्रिंटर चालू होता,
कागद मोजल्यासारखा एकेक बाहेर पडत होता.
हॅलो, म्हणाला तो, मॅडम?
थांबलोय मी.